खंडेनवमीची सुरी

आजारी भावाचा हेवा करणारी बहीण जगात मी एकटीच असेन, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आजार तरी कसला, तर ज्याचं नावच घरात कुणी घेत नसे. आई ‘त्याची तब्येत’ म्हणायची, बाबा ‘तो प्रकार’ म्हणायचे, आणि कलकत्त्यातली आमची मराठी मंडळी आम्ही खोलीत शिरलो की लगेच हवापाण्यावर बोलू लागायची.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. बदली होऊन आम्ही नागपूरहून कलकत्त्याला आलो आणि बालीगंजला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. दादा माझ्याहून मोठा, आणि हुशार. खरोखरीचा हुशार, आईच्या सांगण्यातला नव्हे. इंजिनिअरिंगच्या अर्ध्यावर असताना वसतिगृहात त्याला भिंतीतून माणसं बोललेली ऐकू येऊ लागली. ती त्याच्याबद्दलच बोलत आणि वाईटच बोलत. मग वसतिगृहातून घरी, घरातून इस्पितळात, इस्पितळातून पुन्हा घरी अशा फेऱ्या झाल्या. शॉक दिले, गोळ्या दिल्या. भिंतीतली माणसं कमी झाली, पण त्यांच्याबरोबर दादाही थोडा कमी झाला. बोलायचा नाही. हात थरथरायचे. खिडकीशी बसला की दुपारची उन्हं सरेपर्यंत तिथेच.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. “याला काम द्या,” ते बाबांना म्हणाले. “कुठलंही द्या, पण रोज उठून जायचं असलं पाहिजे. घरात बसवून ठेवलात तर हा पुन्हा इथेच येईल, आणि या खेपेला मी लवकर सोडायचा नाही.” आई तिथेच रडायला लागली. त्या इस्पितळाचा व्हरांडा मी पाहिलेला होता. दादाला परत तिथे पाठवायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं घर त्या दिवसांत उभं होतं.

पण काम मिळवायची बाबांची रीत म्हणजे झाकली मूठ. ओळखीच्या एका साहेबांच्या कचेरीत त्यांनी दादाला कारकून म्हणून चिकटवला आणि आजाराचं अक्षरही काढलं नाही. दादाची खुर्ची नेमकी लाकडी पार्टिशनला लागून. पलीकडे खरोखरच माणसं बोलत. काही दिवस त्याने सोसलं, मग उठून पलीकडे गेला आणि त्यांना नम्रपणे म्हणाला, “माझ्याबद्दल बोलणं कृपा करून थांबवा.” दुसऱ्या दिवसापासून ती नोकरी गेली.

नंतर बडाबाजारातले एक सांगलीकडचे गलाईवाले. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा त्यांचा पिढीजात धंदा. ‘आपला माणूस’ म्हणून बाबा त्यांच्याकडे गेले, आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं म्हणाले, “मुलगा जरा अबोल आहे, एवढंच.” गोळ्यांची गुंगी आणि भट्टीची ऊब. दादा भट्टीशेजारी बसल्या बसल्या पेंगला. भल्या माणसाने आधी त्याला भट्टीपासून दूर ओढलं. त्याने स्वतः टॅक्सी करून दादाला घरी आणून सोडलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी कलकत्त्याला कळायचं ते कळलं.

या सगळ्यात मी बी.ए. झाले, बी.टी. झाले आणि सियालदहच्या पलीकडे मुलींच्या एका शाळेत भूगोलाची शिक्षिका म्हणून लागले. हे मी मुद्दाम एका वाक्यात सांगते आहे, कारण घरानेही ते एका वाक्यातच उरकलं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या हातावर कुणी दही ठेवलं नाही. त्याच सकाळी दादाची गोळी बदलली होती आणि सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. मी चपला घालून जिना उतरले तेव्हा आईने वरून हाक मारली. मला वाटलं, आठवण झाली वाटतं. “येताना कोथिंबीर आण गं,” ती म्हणाली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरं आहे. आमच्या घरी मी पिकत होते.

शाळेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधायला बैठकखाना नावाच्या भागातल्या एका गल्लीत जात. सियालदह स्टेशनापासून चालत जाण्यासारखी ती सगळी वस्ती कागदवाल्यांची आणि पुस्तक बांधणाऱ्यांची. आमची पुस्तकं नेणारा कारखाना एका विधवा बाईंचा होता. नवऱ्यामागे त्याच तो चालवत. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, जाड चष्मा, तोंडात पान. कामगारांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना बोउदी, म्हणजे वहिनी, म्हणत. एकदा त्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आल्या असताना मी त्यांना विचारलं, दादाला काम द्याल का. बाबांसारखं काही झाकलं मात्र नाही. त्या दिवशी मी घरून भांडून आले होते, त्यामुळे भिंतीतली माणसं, शॉक, पार्टिशन, भट्टी सगळं भडाभडा सांगून टाकलं. नको म्हणायचं तर आत्ताच म्हणा, असा माझा आविर्भाव होता.

“चिडतो का?” बोउदींनी विचारलं.

“नाही. बोलतच नाही.”

“बरं आहे. माझी माणसं नको इतकी बोलतात. सोमवारी घेऊन या.”

सोमवारी दादाच्या हातावर दही पडलं. कपाळाला कुंकू लागलं. डब्यात पुरी-भाजी गेली आणि माझ्या डब्यात आदल्या दिवशीच्या पोळीचा कुस्करा. आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचेस्तोवर आई सज्जात उभी राहून हात हलवत होती. तिच्याकडे वळून बघायचं भान दादाला नव्हतं, मला होतं. मी हात हलवला, तर तिने मला खूण केली: त्याच्याकडे लक्ष दे.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. ट्रामने सियालदह, तिथून गल्लीच्या तोंडाशी, आणि मग दारातून बोउदींच्या ताब्यात दादाला देऊन मी पुढे शाळेला. सुटताना त्याला घ्यायचं आणि घरी आणायचं. ते दिवस शहराला वाईट होते. भिंतीभिंतींवर घोषणा, कुठे बॉम्ब फुटला म्हणून दुपारीच दुकानं बंद, तरुण मुलं दिसली की पोलिसांच्या गाड्या थांबत. आई रोज सकाळी म्हणायची, “सांभाळून ने हो त्याला.” मीही त्याच ट्राममध्ये बसते, बॉम्ब काय माणूस बघून फुटतो, हे तिच्या डोक्यात कधी येत नसे.

बोउदींची काम द्यायची तऱ्हा निराळी होती. सुरुवातीला दादाला अर्ध्याच दिवसाचं काम, उरलेला वेळ मी येईपर्यंत नुसतं बसायचं. जागा आतली, उजेडाची, पण पाठीशी भिंत नसलेली. तशी द्या असं कुणी म्हटलं नव्हतं, मी सांगितलेल्या पार्टिशनच्या गोष्टीवरून त्यांनीच ते ताडलं असावं. छापखान्यातून येणारे मोठे छापील कागद, त्यांना फर्मे म्हणतात, त्यांची घडी घालायची, बांबूच्या पट्टीने दाबायची, मग लांब सुरीने घडी चिरून पुन्हा घडी घालायची. हात थरथरत होते तरी हे त्याला जमलं, कारण घडीवर हात दाबून धरला की तो थरथरत नसे. गुंगी आली तर मागच्या बाकावर पडायची मुभा होती. उठलास की राहिलेलं काम संपव, एवढंच. शाबासकी नाही, कीव नाही. घडी वाकडी आली की बोउदी ती उलगडून त्याच्यापुढे टाकत आणि पुढे जात.

दादा बोउदीशी बोलू लागला. आधी हो-नाही, मग कागदाबद्दल, मग खिशातली गोळी कुठली नि कशासाठी ते. माझ्याशी, जिने त्याला तिथवर नेलं तिच्याशी, ट्राममध्ये चकार शब्द नाही. घरी आल्यावर जेवताना मात्र, “बोउदी म्हणाली, पावसाळ्यात कागद फुगतो.” आई घास हातात धरून ऐकत राहायची. “हो का रे? फुगतो? आणखी काय म्हणाली?” कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही बाई. वर्गात मी मोसमी वारे शिकवत होते, पावसाचं मला कुणी काही विचारलं नाही.

मंडळाच्या गणपतीत आईने बायकांना सांगितलं, “मुलगा आता पुस्तकांच्या व्यवसायात आहे.” मी शेजारीच उभी. माझ्याकडे वळून एक बाई म्हणाल्या, “आणि हिचं काय, कुठे बघताय की नाही?” बघत होतेच. फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेला एक मराठी कॅप्टन त्याच्या काकांना घेऊन येऊन गेला होता. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. मग दादा बाहेरच्या खोलीत आला, त्यांच्याकडे बघत नुसता उभा राहिला आणि परत गेला. काकांनी विचारलं, “हे काय करतात?” त्या पोह्यांनंतर त्यांच्याकडून निरोप आला नाही. त्या रात्री आई कुणाजवळ बसली होती? दादाजवळ. त्याला वाईट वाटलं असेल म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी तो एकटीनेच खाल्ला.

असं करत भाद्रपद उलटत आला. बोउदींच्या कारखान्यात विश्वकर्मापूजा झाली. त्या दिवशी बंगालातले सगळे कारागीर हत्यारांना हात लावत नाहीत. ती धुऊनपुसून देवापुढे मांडतात, खातात-पितात आणि छपरावर चढून पतंग उडवतात. दादा प्रसादाचा पुडा घेऊन घरी आला. कपाळाला टिळा, खांद्यावर कुणीतरी टाकलेली पतंगाची शेपटी. आईने सगळं ऐकून घेतलं आणि तेव्हाच तिच्या मनात ते आलं असणार.

दुर्गापूजेची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तो कारखान्यातून निघाला तेव्हा बगलेत वर्तमानपत्राची एक लांबट गुंडाळी होती. मला वाटलं, रद्दीतले कागद असतील. घरी पोचल्यावर त्याने ती आईच्या हातात दिली. आत त्याची सुरी. हातभर लांब, मधल्या धारेला झिजून कमान आलेली.

“खंडेनवमीला पूजा करायची ना,” आई मला म्हणाली. “मीच सांगितलं त्याला, हत्यार घेऊन ये म्हणून.”

“अगं, त्यांनी तिथे केली की पूजा. विश्वकर्म्याला.”

“ती त्यांची. आपली आपण नको करायला?”

यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नवमीला ज्याच्या-त्याच्या पोटापाण्याचं साधन पाटावर मांडायचं ही रीतच आहे. ज्याची पूजा करायची ते घरी आणायचं, यात विचारायचं काय? पण बैठकखान्यातल्या कारागिराचं हत्यार कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर कधी पडत नाही, आणि आजूबाजूला पोरं सुऱ्या आणि भोजाल्या, म्हणजे कुकऱ्या, घेऊन फिरत असताना तर नाहीच नाही. ट्रामच्या अर्ध्या वाटेवर पोलिसांनी आमची झडती घेतली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री घाम फुटला. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, “पण घेतली नाही ना?”

नवमीला खालच्या दुर्गापूजेच्या मंडपात सकाळपासून ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजत होता. आईने पाट मांडला. मधोमध दादाची सुरी, तिला हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ. बाजूला तिची विळी, शिवणाचं यंत्र, बाबांचं पेन. आजारानंतरच्या साऱ्या नवम्यांना दादाकडे ठेवायला काही नव्हतं. दरवर्षी तो पाटासमोर नुसता हात जोडून बसायचा आणि आई तिकडे बघायचं टाळायची. हे मला समजत होतं. तरी मी माझा नकाशांचा मोठा संच आणि वर्गातली लाकडी छडी आणून पाटावर ठेवायला गेले.

“अगं, कुठे ठेवतेस? जागा नाही,” आई म्हणाली. “ती कपाटाजवळ ठेव. तुझं रोजचंच आहे. या वर्षी दादाचं.”

या वर्षी दादाचं. कुठलं वर्ष दादाचं नव्हतं? बरा होता तेव्हा हुशारीचं, बिघडला तेव्हा आजाराचं, सावरला तेव्हा सुरीचं. मी नकाशे आणि छडी कपाटाला टेकवून ठेवली आणि आरतीला तोंड उघडलं नाही. दादा सुरीकडे बघत होता. हसत नव्हता, पण हसण्याच्या जवळपास होता. पोटात दुखणं म्हणजे नेमकं काय असतं ते मला त्या पाटासमोर कळलं. खरोखरीचं, बरगडीखाली.

कोजागिरी झाली, म्हणजे तिकडची लक्ष्मीपूजा झाली, आणि कारखाने उघडले. आईने सुरी स्वच्छ पुसायला नको म्हटलं, पूजेचं कुंकू तसंच असू दे म्हणाली. जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून दिली. गल्लीच्या तोंडाशीच मला काहीतरी बिघडल्याचं जाणवलं. कारखान्याचे चारही दप्तरी, म्हणजे पुस्तक बांधणारे, दाराबाहेर उभे होते. सुट्टीआधी आवराआवर करताना सुरी नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पूजेचे सगळे दिवस त्यांनी त्याच विचारात घालवले होते.

“सुरी कुठाय?” त्यांच्यातला थोरला म्हणाला.

दादाने गुंडाळी पुढे केली. थोरल्याने खण उलगडला. पात्यावर सुकलेले लाल डाग. त्याच्या हातून ती खालीच पडली. चौघेही मागे सरले. एकाने आत बघून ओरडून सांगितलं की पागल माणूस सुरी घेऊन पळाला होता, आता रक्त लावून आणली आहे, आपण याच्याशेजारी बसणार नाही. गल्लीतली दुसरी माणसं जमायला लागली. दादाने मान खाली घातली. विचारणाऱ्यांचे आवाज चढले की तो असाच मिटायचा, मग त्याच्याकडून हो की नाही काही निघत नसे. बोउदी दारात येऊन उभी राहिली. चार कामगार एकीकडे आणि एक दादा एकीकडे, तिलाही धंदा चालवायचा होता. ही नोकरी गेली की पुढे कुठली, हे मला दिसत होतं. इस्पितळाचा तो व्हरांडा दिसत होता.

समजावून सांगायला हवं होतं. शिक्षिका होते मी, शांतपणे सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते निराळंच होतं, आणि चांगल्या खणखणीत बंगालीत.

“रक्त? कुंकू आहे ते! माझ्या आईने लावलंय! चोर म्हणता याला? तुम्ही विश्वकर्म्याला हत्यारं पूजता ना? आमच्यात नवमीला पूजतात. घरातल्या कर्त्या माणसाचं हत्यार पाटावर मांडतात. मी कधीपासून नोकरी करते आहे, माझं काही एकदाही मधोमध मांडलं नाही माझ्या आईने! माझे नकाशे कपाटाजवळ! ही सुरी पाटाच्या मधोमध, झेंडूची माळ घालून! देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी हिला दाखवला! रोज याला पुरी आणि मला शिळी पोळी! आणि तुम्ही म्हणता, पागलाने सुरी पळवली?”

मी रडत होते. पण कीव येऊन वगैरे नव्हे, संतापाने. भररस्त्यात, शाळेची पिशवी खांद्याला, डोळ्यांतून पाणी आणि नाकातूनही. मग थोरला दप्तरी खाली वाकला. त्याने सुरी उचलली, कुंकू लागलेलं पातं कपाळाला लावलं, खणात पुन्हा नीट गुंडाळलं आणि आत नेऊन तिच्या जागी ठेवली. जाता जाता दुसऱ्याला हळूच म्हणाला, “आई असलीच असते रे, माझीही.” कुणीतरी हसलं. बाकीचे त्याच्यामागून एकेक करत आत गेले.

बोउदी पायरी उतरून माझ्याजवळ आली. “ठेवीन मी त्याला,” ती म्हणाली. “काम चांगलं करतो. पण उद्यापासून त्याला एकट्याने यायला सांग.”

“एकट्याने? तो?”

“ही माणसं सुरीला भ्यायली असं वाटतं तुला? सुरी यांच्या हातातही असते. तू रोज त्याला धरून आणतेस, माझ्या हवाली करतेस, संध्याकाळी सोडवून नेतेस. कैद्याला नेतात तसं. ज्याला आणून सोडावं लागतं त्याला माणसं भिणारच. कामाला येणारा माणूस आपल्या पायांनी येतो.”

मला एक सणसणीत उत्तर द्यायचं होतं. ज्या बाईने त्याला काही महिने पाहिलं तिने मला शिकवावं? इतके दिवस मी ट्रामचे धक्के खाल्ले ते काय हौसेने? पण उत्तर द्यायच्या आत दादा बोलला. मान खालीच होती. बंगालीत बोलला, सावकाश, प्रत्येक शब्द नीट ठेवत.

“नाही जमणार, बोउदी. मग मी काम सोडतो.”

“का रे?”

“हिला शाळेत कोण सोडणार? दिवस वाईट आहेत. रोज मी हिच्याबरोबर येतो म्हणून ही सुखरूप पोचते.”

माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. इतके दिवस रोज सकाळी ट्रामच्या पायरीवर तो बाहेरच्या बाजूला उभा राहायचा, मी आत. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरायचा. मी समजत होते, तो घाबरतो म्हणून धरतो. गल्लीच्या दाराशी मी पुढे निघाले की तो दारातच थांबायचा आणि बोउदीला त्याला दोनदा आत बोलवावं लागायचं, हे मला बोउदीनेच मग तिथे सांगितलं. “तू कोपऱ्यावर वळेपर्यंत हा हलत नाही,” ती म्हणाली. “तुझी शाळा पुढे आहे आणि तिथपर्यंत तू त्याला येऊ देत नाहीस, याचा त्याला रोज त्रास होतो. मला सांगितलंय त्याने.”

मला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं. तेवढ्यातही मला तिचा राग आला.

आणि आई? तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी मीच रोज त्याला नेत होते, आणि माझ्याही लेखी. ट्राममध्ये दोन माणसं शेजारी राहून एकमेकांना सांभाळत होती आणि दोघांनाही वाटत होतं की सांभाळणारा आपणच.

बोउदीने थोडा विचार केला. मग चष्मा पुसत ती दादाला म्हणाली, “असं कर. आधी बहिणीला शाळेच्या फाटकापर्यंत सोड, मग परत इथे ये. पण येताना एकटा. आणि उशीर झाला तर ऐकून घेणार नाही.”

“उशीर होणार नाही,” दादा म्हणाला.

त्या गल्लीत तो पुढे कितीतरी वर्षं टिकला. मध्ये दोनदा तब्येत बिघडली, एकदा बरेच आठवडे तो घरीच होता, तेव्हा थोरला दप्तरी घरी येऊन आईच्या हातचा चहा पिऊन गेला. इस्पितळाच्या त्या व्हरांड्यात मात्र दादाला पुन्हा जावं लागलं नाही. बाबांची बदली झाली तेव्हा तो त्याच कामासाठी कलकत्त्यात मागे राहिला. आईने तिच्या मैत्रिणींना त्याचं कौतुक सांगणं कधीच थांबवलं नाही आणि मीही हेवा करणं पुरतं थांबवलं असं नाही. अजूनही आईची पत्रं काढून वाचायला बसले की तो कितव्या ओळीवर येतो ते बघते. पहिल्याच ओळीवर येतो.

पण दुसऱ्या दिवशीची सकाळ माझी आहे. आईने दादाच्या डब्यात पुरी भरली, सज्जात उभी राहिली, त्यालाच हात केला. सियालदहला उतरून आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो आणि या वेळी आत न वळता सरळ पुढे चालत राहिलो. फूटपाथवरच्या गर्दीतून तो माझ्या अर्धं पाऊल पुढे, खांद्याने वाट काढत. शाळेच्या फाटकाशी बरोबरीच्या एक शिक्षिका उभ्या होत्या. त्या लांबच्या बजबज गावाहून पहाटेची गाडी धरून एकट्याच यायच्या. दादाकडे बघून त्यांनी विचारलं, “हे कोण?”

“मोठा भाऊ,” मी म्हणाले. “रोज सोडायला येतो.”

“नशीबवान आहेस गं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी चांगलं ओळखत होते, बरगडीखालचं.

“जा तू,” दादा मला मराठीत म्हणाला. त्याला कामावर जायची घाई होती. तरी मी आत गेल्याशिवाय तो निघणार नव्हता. फाटकापासून पायरीपर्यंतचं अंगण तसं लहानच होतं. मी मुद्दाम हळू चालले.